मराठीतून इटालियन: रोजच्या बोलण्याचं व्याकरण, शब्द आणि म्हणी

तोरिनोतल्या माझ्या पहिल्या इटालियन वर्गात एक दिवस बाईंनी फळ्यावर ‘मी पियाचे इल काफ्फे’ असं लिहिलं आणि पुढचा अर्धा तास त्या ते समजावत बसल्या. शेजारचा इंग्रज मुलगा पार वैतागला होता. आवडतंय मला, मग वाक्याचा कर्ता कॉफी कशी? मला त्याचं वैतागणंच कळेना, कारण फळ्यावर सरळ सरळ ‘मला कॉफी आवडते’ लिहिलेलं होतं. इटालियनमधला ‘मी’ म्हणजे आपला ‘मला’, एवढीच काय ती गंमत. (आपल्या ‘मी’ला तिकडे ‘ईयो’ म्हणतात, आणि तो बहुतेक वेळा बोलतच नाहीत.)

तोवर मी इटालियन इंग्रजीतून शिकत होते, कारण पुस्तकं तशीच मिळतात. त्या दिवसापासून वहीत डावीकडे इंग्रजीऐवजी मराठी लिहायला लागले आणि निम्मे नियम पाठ करायचेच राहिले नाहीत. पुढे जे देते आहे ते त्या वहीतलं. क्रमही मी पुन्हा शिकले असते तर जो ठेवला असता तोच आहे. इटालियन शब्द इथे देवनागरीत उच्चाराप्रमाणे लिहिले आहेत. स्पेलिंगसाठी सोबत एखादा शब्दकोश ठेवाच. ‘त्रेक्कानी’चा कोश ऑनलाइन फुकट आहे. तो इटालियन-इटालियन आहे, त्यामुळे पहिल्या दिवशी नाही, पण तिसऱ्या महिन्यापासून तोच वापरा.

पहिले दोन आठवडे: तोंड तयार करा

व्याकरणाला हात लावण्याआधी उच्चार बसवा. मराठी माणसाला हे काम सोपं आहे आणि नेमकं तेच आपण इंग्रजीच्या सवयीने बिघडवतो. इटालियन ‘टी’ आणि ‘डी’ म्हणजे आपले दंत्य त आणि द. ‘टेम्पो’ नव्हे, ‘तेम्पो’. ‘डोमानी’ नव्हे, ‘दोमानी’ (उद्या). ट-ड विसरा, आणि ख-घ-थ-ध-फ-भ यांतली हवाही सोडून द्या.

‘पिझ्झा’ हा उच्चार आपल्याकडे रुजला आहे, पण तिथल्या झेडचा खरा आवाज आपल्या ‘चमचा’तल्या च सारखा, म्हणजे ‘पित्त्सा’. ‘ग्रात्सिए’ (धन्यवाद) मध्येही तोच. काही शब्दांत तो ‘जोर’मधल्या ज सारखा होतो: ‘झान्झारा’ (डास) म्हणताना दोन्हीकडे जोरातला ज काढा. हिंदी बोलणाऱ्या मैत्रिणीला हे दोन आवाज शिकायला महिना लागला. आपल्या तोंडात ते लहानपणापासून आहेत. आपण ‘चिमणी’चा च आणि ‘चमचा’चा च एकाच अक्षराने लिहितो, इटालियनमध्ये त्यांची अक्षरं वेगळी आहेत, एवढाच फरक.

स्पेलिंगचा एकच नियम नीट लक्षात ठेवा. सी आणि जी यांच्यापुढे ई किंवा आय आला तर आवाज च आणि ज, एरवी क आणि ग. ई-आयपुढेही क-ग हवा असेल तर मध्ये एच टाकतात. म्हणून ‘ब्रुशेटा’ नाही, ‘ब्रुस्केत्ता’. एच स्वतः कधीच बोलत नाही. जीएन म्हणजे ‘धन्य’मधला न्य (‘बान्यो’, न्हाणीघर), जीएलआय म्हणजे ल्य (‘फामील्या’, कुटुंब).

जोडव्यंजनं मात्र दाबून म्हणा. मका आणि मक्का यांत आपण गल्लत करत नाही, तशीच ‘सेते’ (तहान) आणि ‘सेत्ते’ (सात), ‘नोनो’ (नववा) आणि ‘नोन्नो’ (आजोबा) यांतही करू नका. वर्ष म्हणजे ‘आन्नो’, अनेकवचन ‘आन्नी’. मी एका सरकारी खिडकीवर माझं वय सांगताना ‘आन्नी’च्या जागी एका न चा ‘आनी’ म्हटला. ‘आनो’ म्हणजे गुदद्वार. खिडकीमागच्या बाईंनी चेहरा सरळ ठेवला, हे त्यांचं मोठेपण.

आघात बहुधा शेवटून दुसऱ्या अक्षरावर येतो: ‘दोमानी’त मा वर. ‘तेलेफोनो’सारखे अपवाद (आघात ले वर) ऐकूनच बसतात. शेवटच्या अक्षरावर आघात असेल तर लिहितानाच त्यावर तिरकी रेघ देतात: ‘चित्ता’ (शहर), ‘पेर्के’ (का, कारण).

रोज दहा मिनिटं मोठ्याने वाचा. अर्थ कळला नाही तरी चालेल. मोबाइलवर रेकॉर्ड करून ऐका. लाज वाटेल, वाटू द्या.

नाम पाठ करायचं ते उपपदासकट

आपल्याला उपपदांची (इंग्रजीतल्या ‘द’, ‘अ’सारख्या नामाआधीच्या शब्दांची) सवय नाही, त्यामुळे मराठी माणूस इटालियन बोलताना ती खातो. उपाय एकच: ‘लीब्रो’ (पुस्तक) असं कधी लिहूच नका, ‘इल लीब्रो’ लिहा. शब्द आणि लिंग एकत्र डोक्यात जातं.

लिंगं दोनच. ओकारान्त बहुधा पुल्लिंगी, आकारान्त बहुधा स्त्रीलिंगी, एकारान्त कुठलंही. अनेकवचन: ओ चा ई, आ चा ए, ए चा ई. ‘इल लीब्रो – ई लीब्री’, ‘ला कासा – ले कासे’ (घर), ‘इल काने – ई कानी’ (कुत्रा). पुल्लिंगी शब्दाच्या सुरुवातीला झेड असेल, किंवा एसनंतर दुसरं व्यंजन असेल, तर ‘इल’ऐवजी ‘लो’ येतो: ‘लो त्सीयो’ (काका), ‘लो स्तुदेन्ते’. अनेकवचनी तो ‘ल्यी’ होतो. स्वरापुढे नुसता ल चिकटतो: ‘लामीको’ (मित्र), अनेकवचनी ‘ल्यी आमीची’. फसवे शब्द थोडेच आहेत: ‘ला मानो’ (हात) ओकारान्त असून स्त्रीलिंगी, ‘इल प्रोब्लेमा’ आकारान्त असून पुल्लिंगी.

विशेषण नामाप्रमाणे बदलतं, हे आपल्याला कुणी शिकवायला नको. तांबडा, तांबडी, तांबडे, तांबड्या. तसं रोस्सो, रोस्सा, रोस्सी, रोस्से. आपल्या ‘सुंदर’सारखी लिंगाला दाद न देणारी विशेषणंही तिकडे आहेत: ‘वेर्दे’ (हिरवा, हिरवी), पण अनेकवचनात तेवढं ‘वेर्दी’ करावं लागतं.

एक जागा मला फार आवडते. अंडं म्हणजे ‘लुओवो’, पुल्लिंगी; पण अंडी म्हणजे ‘ले उओवा’, स्त्रीलिंगी! तसंच हाड: ‘लोस्सो’, हाडं ‘ले ओस्सा’. लॅटिनमध्ये आपल्यासारखं नपुंसकलिंग होतं. इटालियनमध्ये ते गेलं, पण जाताना अशी काही हाडं मागे ठेवून गेलं. मराठीत अंडं आणि हाड दोन्ही नपुंसकलिंगीच आहेत, त्यामुळे मला हे अपवाद पाठ करावे लागले नाहीत.

‘मला’ची वाक्यं: इथे आपण पुढे

‘मी पियाचे’ हे एक आख्खं कुटुंब आहे. वस्तू अनेक असतील तर ‘मी पियाच्चोनो ई गात्ती’, मला मांजरं आवडतात. आवडते/आवडतात हा फरक आपण विचार न करता करतो, इंग्रज मुलगा वर्षभर चुकत होता. याच साच्यात ‘मी सेर्वे’ (मला लागतं, हवं आहे), ‘मी बास्ता’ (मला पुरतं), ‘मी सेम्ब्रा’ (मला वाटतं), ‘मी फा माले ला तेस्ता’ (माझं डोकं दुखतंय). मला च्या जागी तुला आला की ‘ती’, त्याला ‘ल्यी’, तिला ‘ले’, आम्हाला ‘ची’, तुम्हाला ‘वी’.

भूतकाळातही जुळतं. ‘मी ए पियाचूतो इल फिल्म’, मला सिनेमा आवडला. ‘मी ए पियाचूता ला पिझ्झा’, मला पिझ्झा आवडला; तिकडे पिझ्झा स्त्रीलिंगी म्हणून ‘आवडली’.

माणसाला ‘मी पियाची’ म्हणताना सांभाळून. ‘तू मला आवडतोस’ या वाक्याचं वजन मराठीत जेवढं, तेवढंच तिकडे.

एकच वाक्य उलटं पडतं: ‘मी मान्की’. अर्थ ‘मला तुझी आठवण येते’, पण बांधणी ‘तू मला उणा पडतोस’ अशी. कर्ता तू. हे मात्र घोकावं लागतं.

भूक, तहान, वय: ‘ओ’ने बोला

आपण भूक लागते म्हणतो, इटालियन माणसाकडे भूक ‘असते’. ‘आवेरे’ या क्रियापदाचं प्रथमपुरुषी रूप ‘ओ’. ओ फामे (भूक), ओ सेते (तहान), ओ सोन्नो (झोप), ओ फ्रेद्दो (थंडी), ओ फ्रेत्ता (घाई), ओ पाऊरा (भीती). वयसुद्धा: ‘ओ त्रेन्ता आन्नी’.

उकडतंय हे सांगताना ‘ओ काल्दो’. इंग्रजीवरून ‘सोनो काल्दा’ करू नका, त्याचा अर्थ शारीरिक इच्छेकडे जातो. आणि ‘काल्दो’ म्हणजे गरम. नळावर सी लिहिलेलं दिसलं की आपला हात गार पाण्यासाठी तिकडे जातो आणि पोळतो. गार पाण्याच्या नळावर एफ असतो, ‘फ्रेद्दो’चा.

क्रियापदं: आधी दहा, मग बाकीची

क्रियापदांचे तीन गट (आरे, एरे, ईरे) पुस्तकात बघून घ्या, त्यात समजावण्यासारखं फार नाही. कर्ता रूपातच असतो: ‘पार्लो’ म्हणजे बोलतो किंवा बोलते. वर्तमानकाळात लिंग दिसत नाही, म्हणजे आपल्यापेक्षा सोपंच. पण रोजच्या बोलण्यात वाकडी क्रियापदंच जास्त येतात, तेव्हा ती आधी: एस्सेरे (असणे), आवेरे (जवळ असणे), फारे (करणे), आन्दारे (जाणे), वेनीरे (येणे), स्तारे (असणे, राहणे), दीरे (सांगणे), पोतेरे (शकणे), वोलेरे (हवं असणे), दोवेरे (करावं लागणे). ही दहा वर्तमानकाळात झोपेत विचारली तरी सांगता आली पाहिजेत.

‘फारे’ला खास जागा द्या, तो आपल्या ‘करणे’सारखा कशालाही जोडतात. नाश्ता करणे ‘फारे कोलात्सियोने’, शॉवर घेणे ‘फारे ला दोच्चा’, किराणा आणणे ‘फारे ला स्पेसा’, थंडी पडणे ‘फा फ्रेद्दो’.

उद्याची गोष्ट वर्तमानकाळात चालते. आपण ‘उद्या येतो’ म्हणतो, ते ‘दोमानी वेन्गो’ म्हणतात. भविष्यकाळाची रूपं सुरुवातीचे दोन महिने खुशाल बाजूला ठेवा.

आता भूतकाळ, जिथे बहुतेकांची गाडी अडते. शाळेत कर्तरी आणि कर्मणी प्रयोग शिकलेला माणूस इथे अर्धी लढाई जिंकून येतो. मराठीत ‘मी गेलो’ किंवा ‘मी गेले’, क्रियापद कर्त्याकडे बघतं. ‘मी पोळी खाल्ली, आंबा खाल्ला’, इथे कर्माकडे बघतं. इटालियनमध्ये जाण्या-येण्याची, जन्म-मृत्यूची, होण्या-राहण्याची क्रियापदं ‘एस्सेरे’ घेतात आणि कर्त्याकडे बघतात: पुरुष म्हणेल ‘सोनो आन्दातो’, बाई म्हणेल ‘सोनो आन्दाता’. मी गेलो, मी गेले. कर्म घेणारी क्रियापदं ‘आवेरे’ घेतात: ‘ओ मांजातो ला पिझ्झा’. इथे शेवट बदलत नाही. पण पिझ्झाऐवजी सर्वनाम आणून पुढे ठेवलंत की लगेच मराठीसारखं होतं: ‘लो मांजाता’, ती मी खाल्ली. ‘ली ओ लेत्ती’, (ती पुस्तकं) मी वाचली.

जिथे मराठी दगा देते त्या जागाही सांगते. झोपणे, चालणे ही आपल्याकडे अकर्मक, कर्त्याकडे बघणारी. तिकडे ती ‘आवेरे’ घेतात: ‘ओ दोर्मीतो’, ‘ओ काम्मिनातो’. उलट स्वतःवरच्या क्रिया, म्हणजे उठणे, धुणे, कपडे घालणे, सगळ्या ‘एस्सेरे’च्या पंक्तीला: ‘मी सोनो स्वेल्याता’, मी जागी झाले.

दुसरा भूतकाळ म्हणजे ‘इम्पेर्फेत्तो’. ‘आन्दावो’ म्हणजे जायचो/जायचे, आणि जात होतो/जात होते सुद्धा. ‘लहानपणी आम्ही मामाकडे जायचो’ यातलं जायचो जिथे येईल तिथे हा काळ, ‘गेलो’ येईल तिथे आधीचा. कुठला काळ वापरायचा हे पुस्तकात तीन पानं समजावलेलं असतं. मनातल्या मनात मराठी वाक्य म्हणा, बहुतेकदा उत्तर बरोबर येतं.

सौजन्यही इथेच सापडतं. दुकानात आपण ‘मला अर्धा किलो टोमॅटो हवे होते’ म्हणतो, हवे असतात आत्ताच. इटालियनही तसंच करतात: ‘वोलेवो मेद्झो कीलो दी पोमोदोरी’. ‘वोर्रेई’ हे रूप त्याहून जास्त नम्र आणि सगळीकडे चालणारं.

‘कोन्जुन्तीवो’ला लोक उगाच घाबरतात. तो आपला विध्यर्थ आहे. ‘तो आजारी असावा’: ‘क्रेदो के सिया मालातो’. ‘तू यावंस असं मला वाटतं’: ‘वोल्यो के तू वेन्गा’. असावा, यावंस, करावं असं मराठीत मनात आलं की तिकडे ही रूपं लागतात. सहा महिन्यांनी शिका, पण नावाला बिचकू नका.

तू की ‘लेई’?

मित्र, मुलं, वर्गातले, ऑफिसातले बहुतेक सहकारी: तू. आणि तो शब्द तिकडेही ‘तू’च आहे. डॉक्टर, दुकानदार, शेजारच्या आजी, खिडकीवरचा कारकून: ‘लेई’. आता ‘लेई’चा शब्दशः अर्थ ‘ती’. म्हणजे समोरच्या मिशीवाल्या गृहस्थाशी तृतीयपुरुषी स्त्रीलिंगी एकवचनात बोलायचं. विचित्र वाटतं, पण आपल्याकडे समोर बसलेल्या साहेबांनाच ‘साहेब चहा घेणार का?’ असं विचारतात, ते आठवा. १९३८ मध्ये फॅसिस्ट सरकारने ‘लेई’ हद्दपार करून सगळ्यांना ‘वोई’ (तुम्ही) म्हणायला लावलं होतं. ते टिकलं नाही. दक्षिणेत मात्र मान देण्यासाठी ‘वोई’ जुन्या वळणाने अजून कानावर येतो.

‘चाव’ फक्त ‘तू’वाल्यांना. हा शब्द व्हेनिसकडच्या बोलीतल्या ‘दास’ या अर्थाच्या शब्दावरून आला, म्हणजे मुळात ‘आपला दास’. आज तो इतका जवळिकीचा झालाय की डॉक्टरांना म्हटलात तर आगाऊपणा दिसतो. तिथे ‘ब्वोन्जोर्नो’, दुपार कलल्यावर ‘ब्वोनासेरा’. ठरत नसेल तर ‘साल्वे’. ‘दियामोची देल तू’ म्हणजे ‘आपण एकमेकांना तू म्हणू या’. हा प्रस्ताव वयाने किंवा पदाने मोठ्या माणसाने ठेवायचा असतो. आमच्या खालच्या मजल्यावरच्या आजींनी दोन वर्षांनी ठेवला.

कुणाच्या घरात शिरताना उंबऱ्यावर ‘पेर्मेस्सो?’ म्हणतात. येऊ का? हे विसरू नका, फार चांगलं दिसतं.

विभक्ती प्रत्यय समोरून लावा

आपला प्रत्यय मागून लागतो, त्यांचा शब्द पुढे येतो. ‘दी’ म्हणजे चा-ची-चे, ‘आ’ म्हणजे ला, ‘इन’ म्हणजे त, ‘सू’ म्हणजे वर, ‘कोन’ म्हणजे शी, बरोबर, ‘पेर’ म्हणजे साठी. उपपदाशी ते जुळून जातात: दी आणि इल मिळून ‘देल’, आ आणि ला मिळून ‘आल्ला’. हा संधी समजा. शहराला ‘आ’, देशाला ‘इन’: आ रोमा, इन इन्दिया.

जीव खाणारा शब्द ‘दा’. तो हून आहे, पासून आहे आणि कडेही आहे. पुण्याहून आले: ‘वेन्गो दा पुणे’. डॉक्टरकडे जाते: ‘वादो दाल मेदिको’. तीन वर्षांपासून इथे राहते: ‘आबितो क्वी दा त्रे आन्नी’. या शेवटच्या वाक्यात क्रियापद साध्या वर्तमानकाळात आहे, मराठीतही तसंच. इंग्रजीतून आलात की हमखास चुकता. ‘तात्सा दा काफ्फे’ म्हणजे कॉफीचा कप, रिकामा. ‘तात्सा दी काफ्फे’ म्हणजे कपभर कॉफी.

शब्द कसे साठवायचे

सुरुवात वारांपासून करा, कारण ते तुम्हाला येतात. लुनेदी चंद्राचा (लुना), मार्तेदी मंगळाचा, मेर्कोलेदी बुधाचा, जोवेदी गुरूचा, वेनेर्दी शुक्राचा. सोम ते शुक्र तेच ग्रह, त्याच क्रमाने. शनिवार-रविवारी मात्र धर्म आला: साबातो आणि दोमेनिका.

फिलिप्पो सास्सेत्ती नावाचा फ्लॉरेन्सचा व्यापारी सोळाव्या शतकाच्या शेवटी कोचीन-गोव्याकडे राहिला आणि १५८८ मध्ये गोव्यातच वारला. त्याने घरी पाठवलेल्या पत्रांत इटालियन आणि संस्कृत शब्दांचं साम्य टिपून ठेवलं आहे: दिओ आणि देव, सेर्पे आणि सर्प, सेत्ते आणि सप्त, ओत्तो आणि अष्ट, नोवे आणि नव. तुम्ही तीच यादी पुढे वाढवा: देन्ते (दंत), नोमे (नाम), न्वोवो (नवा). पोर्तुगीजांमार्फत मराठीत आलेले शब्दही कामाला येतात, कारण पोर्तुगीज ही इटालियनची सख्खी बहीण: पगारातून ‘पागारे’ (पैसे देणे), चावीतून ‘क्यावे’, पावातून ‘पाने’. अननस तर ‘आनानास’च.

इंग्रजीसारखे दिसणारे शब्द मात्र परक्यासारखे तपासून घ्या. ‘कामेरा’ म्हणजे खोली, ‘लिब्रेरीया’ पुस्तकांचं दुकान, ‘पारेन्ती’ नातेवाईक (आईवडील नव्हेत), ‘एदुकातो’ शिकलेला नव्हे तर सभ्य, ‘मोर्बिदो’ मऊ. जॅममध्ये प्रिझर्व्हेटिव्ह आहेत का, हे ‘प्रेझेर्वातीवी’ शब्द वापरून विचारू नका. त्याचा अर्थ कंडोम. हवा तो शब्द ‘कोन्सेर्वान्ती’. कॅफेत ‘लात्ते’ मागितलंत तर नुसतं दूध येईल, आणि ‘पेपेरोनी’ म्हणजे ढोबळी मिरची, तेव्हा शाकाहारी मंडळींनी निश्चिंत खावी.

शाकाहारावरून आठवलं. ‘सोनो वेजेतारियाना’ (पुरुष असाल तर ‘वेजेतारियानो’) एवढ्यावर थांबू नका. ‘सेन्त्सा कार्ने’, मांसाशिवाय, म्हटलं तरी हॅमचे तुकडे किंवा ट्युना येऊ शकतो, कारण काहींच्या लेखी ते ‘कार्ने’त धरत नाहीत. नावं घेऊन विचारा: ‘चे प्रोश्शुत्तो? चे तोन्नो? ची सोनो आच्चूगे?’ आच्चूगे हे बारीक खारवलेले मासे सॉसमध्ये विरघळलेले असतात. रोमान्या भागातल्या ‘पियादिना’ या पोळीत पारंपरिक पद्धतीने ‘स्त्रुत्तो’, म्हणजे डुकराची चरबी घालतात. पार्मिज्यानो चीज वासराच्या पोटातल्या ‘काल्यो’ने विरजतात, ते चालवायचं की नाही हे ज्याचं त्याने ठरवावं.

छोटे शब्द, मग म्हणी

माणूस इटालियन बोलतोय असं वाटतं ते क्रियापदांमुळे नव्हे, या चिल्लर शब्दांमुळे. ‘अल्लोरा’: तर मग. ‘चोए’: म्हणजे, आपल्यासारखाच दर वाक्याला येणारा. ‘एक्को’: हे घ्या, हे बघा. ‘बो’: कोण जाणे, खांदे उडवून. ‘दाई’: चल ना, अगं. ‘आन्त्सी’: उलट. ‘फिगूराती’ (लेई असेल तर ‘सी फिगूरी’): अहो, त्यात काय. ‘मीका’ म्हणजे आपला थोडीच: ‘नोन सोनो मीका मात्ता’, मी थोडीच वेडी आहे! ‘मागारी’ला दोन चेहरे आहेत, एरवी तो कदाचित, पण ‘बढती मिळणार म्हणे तुला?’ या प्रश्नाला नुसतं ‘मागारी!’ म्हटलं की ‘तुझ्या तोंडात साखर पडो’.

म्हणी मी सगळ्यात उशिरा शिकले आणि सगळ्यात जास्त मजा तिथे आली. ‘आक्वा इन बोक्का’, तोंडात पाणी, म्हणजे ही गोष्ट कुणाला सांगू नकोस. आपण गप्प बसणाऱ्याच्या तोंडात मिठाची गुळणी देतो. त्यांनी मीठ वाचवलं. ‘दाल्ला पादेल्ला आल्ला ब्राचे’, तव्यातून निखाऱ्यात, आपलं आगीतून फुफाट्यात. एका दगडात दोन पक्षी तिकडे ‘एका घेवड्याच्या दाण्यात दोन कबुतरं’ होतात: ‘प्रेन्देरे दुए पिच्चोनी कोन ऊना फावा’. ‘प्योवे सुल बान्यातो’, ओल्यावरच पाऊस. कोरडवाहू मराठीत तोच दुष्काळात तेरावा महिना. चोराच्या मनात चांदणं असलेल्या माणसाला ते ‘गवताचं शेपूट आहे’ म्हणतात, ‘आ ला कोदा दी पाल्या’. जरा ठिणगी पडली की पेटेल या भीतीने तो मागे बघत असतो.

एक ठिकाणी सावध. ‘जिभेवर केस नसणे’, ‘नोन आवेरे पेली सुल्ला लिन्ग्वा’, हे आपल्या ‘जिभेला हाड नाही’सारखं ऐकू येतं. पण आपलं वाक्य बेजबाबदार बोलण्याला लागतं, त्यांचं स्पष्टवक्तेपणाला, आणि बऱ्याचदा कौतुकाने. परीक्षेला निघालेल्याला ‘इन बोक्का आल लूपो’ (लांडग्याच्या तोंडात) म्हणतात. उत्तर ‘ग्रात्सिए’ नाही, ‘क्रेपी!’ (मरो तो). हल्ली लांडग्याची दया येणारे ‘वीवा इल लूपो’ म्हणतात.

आठवड्याला दोनच म्हणी घ्या आणि त्या आठवड्यात खऱ्या माणसाशी बोलताना वापरा. यादी करून ठेवलेल्या माझ्या एकाही म्हणीचा उपयोग झाला नाही.

दिवसाचा हिशेब

रोज पाऊण तास पुरतो: पंधरा मिनिटं मोठ्याने वाचन, पंधरा मिनिटं क्रियापदं, पंधरा मिनिटं ऐकणं. ऐकायला ‘राई’ या इटलीच्या सरकारी प्रसारणसंस्थेचे रेडिओ कार्यक्रम चांगले, आधी हवामान, मग बातम्या, कारण त्यांत तेच ते शब्द येतात. ॲपवरची हिरवी-लाल बटणं दाबणं हा अभ्यास नव्हे, तो लोकलमधला टाइमपास आहे, तेवढाच ठेवा.

परीक्षा द्यायची असेल तर सिएनाची ‘चिल्स’, पेरुजाची ‘चेली’ आणि दान्ते अलिगिएरी सोसायटीची ‘प्लीदा’ या मान्यताप्राप्त. २०१८ च्या कायद्यापासून लग्नाने किंवा वास्तव्यावर नागरिकत्व मागणाऱ्याला बी-वन (म्हणजे भाषेची मधली) पातळी दाखवावी लागते, तेव्हा इथे कायम राहायचा विचार असेल तर सुरुवातीपासून तिकडे नजर ठेवा.

आणि तिसऱ्या महिन्याच्या शेवटी एक फोन करा. डॉक्टरची वेळ घ्या, काहीही करा, पण फोनवर, कारण तिथे हातवारे कामाला येत नाहीत. पलीकडून ‘प्रोन्तो’ (तयार) ऐकू येईल, तो त्यांचा हॅलो. तुम्ही म्हणा, ‘ब्वोन्जोर्नो, वोर्रेई प्रेनोतारे ऊना वीसिता.’ वेगाने काही आलं तर ‘पुओ रिपेतेरे, पेर फावोरे?’ मग नाव विचारतील, आणि मराठी आडनाव पहिल्या फटक्यात कुणालाही कळत नाही. इटालियन लोक अक्षरं गावांच्या नावांनी सांगतात, ती यादी फोनजवळ चिकटवून ठेवा. देशपांडे असाल तर असं: दोमोदोस्सोला, एम्पोली, सावोना, होटेलचा ‘आक्का’, पालेर्मो, आन्कोना, नापोली, पुन्हा दोमोदोस्सोला, पुन्हा एम्पोली. कुलकर्णींना ‘काप्पा’ दोनदा म्हणावा लागेल, के चं गाव त्या यादीत नाही.